मुलीसाठी बायबलमधलं नाव: केरेन ठेवावं का?

नगरकरीण: मुलगी झाली, पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा आहे. ईयोबाच्या मुलींपैकी एकीचंच नाव ठेवायचं हे पक्कं आहे: यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक (अध्याय 42). तिथे त्याच्या सात मुलग्यांपैकी एकाचंही नाव दिलेलं नाही, मुलींची मात्र तिन्ही आहेत, आणि बापाने त्यांना भावांबरोबर वाटाही दिलाय. मला केरेन आवडलंय. अर्थ आणि अनुभव सांगा. तिघींबाहेरची नावं कृपया नकोत.

वसईवाला: एस्तेर ठेवा. आमच्या घरात दोन आहेत, दोघींचं झकास चाललंय.

जुना_सभासद: वसईवाले, प्रश्न तरी वाचा. ताई, केरेन म्हणजे शिंग, पूक म्हणजे सुरमा. मिळून सुरम्याची शिंगाची डबी. 2 राजे 9:30 मध्ये ईजबेल डोळ्यांत घालते तोच हा पूक. कसीया ही दालचिनीच्या जातीतली सुवासिक साल. यमीमावर एकमत नाही: कोणी 'दिवस' म्हणतं, कोणी अरबीवरून 'पारवा'. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी 'दिवस' धरलाय.

मिड_विकेट: यमीमाच! क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्जचं तेच नाव. 30 ऑक्टोबर 2025, डी. वाय. पाटील, ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127. मी स्टेडियममध्ये होतो, दोन दिवस आवाज नव्हता. विषय संपला.

ओहायोची_मावशी: अगं, इकडे करेन म्हणजे दुकानात 'मॅनेजरला बोलवा' म्हणून भांडणारी बाई. जेमिमाही नको, त्या नावाचा पॅनकेकचा ब्रँड होता, वंशभेदी म्हणून टीका झाली आणि 2021 मध्ये नाव बदललं. कसीया ठेव.

जुना_सभासद: मावशी, ती करेन वेगळी. ती डॅनिश, कॅथरीनचं रूप. ही हिब्रू.

ओहायोची_मावशी: ते कॉफीवाल्या पोराला तुम्ही येऊन सांगा.

पिंपरीचा_पिंटू: आमची केरेनच. शाळेने दाखल्यावर 'किरण' लिहिलं, आधारवर 'करण' आलं. प्रतिज्ञापत्र, गॅझेट, सगळं करून झालं. ताई, जन्मदाखल्याचा मसुदा सही करण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्हीत स्वतः वाचा. नंतर कोणी विचारत नाही.

देववाणी: किरण! बघा, म्हणजे केरेन आपल्याकडूनच तिकडे गेलं.

जुना_सभासद: नाही हो. हिब्रूत केरेनचा अर्थ किरणही होतो, पण संस्कृतशी त्याचा संबंध नाही. निर्गम 34 मध्ये मोशेचा चेहरा तेजाने झळकला तिथे याच धातूचं क्रियापद आहे. लॅटिन भाषांतरात त्याची शिंगं झाली, म्हणून रोममधल्या मायकेलअँजेलोच्या मोशेला डोक्यावर शिंगं आहेत.

देववाणी: तुम्ही मानत नाही म्हणून खोटं ठरत नाही.

वसईवाला: एस्तेरमध्ये शिंगांची भानगडच नाही.

कोथरूडची_सून: यमीमाचा अर्थ 'दिवस' होतो, हे कसं कोणी सांगितलं नाही? किती गोड! माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं आहे, तिला सगळ्या शिक्षिका ओळखतात.

नगरकरीण: सर्वांचे आभार. घरात कसीयाला बहुमत होतं, इथेही कोणी केरेन म्हणालं नाही. तरी केरेनच ठेवतोय. पिंटूदादा, मसुदा दोनदा वाचेन. हप्पूक दाखल्यावर घालणार नाही, त्यावर सासरे अजून अडून बसलेत.