पुढील भाग लवकरच… (अनुभव धागा: अडकलेल्या ऐतिहासिक मालिका)

गोदाकाठची
तांबट लेनमधला आमचा वाडा रिकामा करतोय. बिल्डरने दिवाळीपर्यंतची मुदत दिलीये. काल माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढली, भाऊंची (माझे वडील) पुस्तकं. अर्धी वाळवीने खाल्लेली. त्यात ती चार भागांची पानिपतवाली मालिका. नाव मुद्दाम लिहीत नाही, पागेत घोड्यांना खरारा करणाऱ्या पोरावरून ओळखणारे ओळखतील.

चौथ्या भागात एक पोस्टकार्ड सापडलं. पंधरा पैशांचं. लेखकाचं, आजीला. "पाचवा भाग लिहून होत आला आहे. प्रकृतीमुळे विलंब. आपली सूचना ध्यानात ठेवतो."

आजीला मोतीबिंदू होता. भाऊ रात्री जेवणं आटोपली की ओटीवर बसून मोठ्याने वाचायचे, एका रात्री एकच प्रकरण. चौथा भाग संपतो तेव्हा ते पोरगं पागोट्यात खलिता खोचून अंधारात नदीत घोडा घालतं. झालं. पुढे कोरं पान आणि तळाशी 'पुढील भाग लवकरच'. पानिपतावर काय झालं ते आजीला पाठ होतं. कुंजपुरा घेतलं, मग दाणागोटा तुटला, संक्रांतीला विश्वासराव पडले, सगळं. ती म्हणायची, "पेशव्यांचं व्हायचं ते झालं, ह्या पोराचं काय?" वर्षभर वाट पाहिली आणि माझ्याकडून पत्र लिहून घेतलं, की त्याला मारू नका आणि त्या विहिरीवरच्या मुलीशी लग्न लावा.

पुस्तक येईना तेव्हा पाचवा भाग तिने स्वतःच सांगायला घेतला. पोरगं लंगड्या घोड्यासकट नाशकात आलं, सराफ बाजारात खोगिरं शिवायचं दुकान टाकलं, नारोशंकराच्या देवळाची घंटा वाजली की दुकान बंद. मी आठवीत वक्तृत्व स्पर्धेत हे सगळं ठणठणीत आवाजात इतिहास म्हणून सांगून आले. परीक्षक बाईंनी विचारलं, हे कुठल्या बखरीत आहे? मी म्हटलं, "बाई, भाग पाचमध्ये."

खरा भाग पाच आला तेव्हा आजी जाऊन चार वर्षं झाली होती. भाऊंनी आणला, दोन दिवसांत वाचला आणि मला म्हणाले, तू नको वाचूस. मी वाचला नाही. काल ट्रंकेत शोधला तर तो नाहीच. चारच भाग.

तुमची कुठली मालिका अशी लटकलीये? पुढे काय होईल म्हणून काय काय कल्पना केल्यात? लिहा.

प्रेसवाला_रिटायर
ही मालिका नाशिकरोडला सरकारी प्रेसमध्ये आमच्या पाळीत फिरायची. डब्याबरोबर. एकाने वाचून दुसऱ्याला द्यायची, कव्हरला वर्तमानपत्र. माझ्या वाट्याला तिसरा भाग आला त्यात बाइंडिंगची गडबड. एक फर्मा (एकत्र छापलेली सोळा पानं) दोनदा आणि पुढचा गायब. म्हणजे १९२ पानापर्यंत वाचलं की परत १७७. तिथून १९२ पर्यंत तेच, आणि पुढे एकदम २०९. नेमकं पोरगं किल्ल्यात कैदेत आणि २०९ वर बाहेर ओढ्याकाठी भाकरी खातंय. सुटलं कसं??

सोळा पानं. वीस वर्षं मी डोक्यात त्याला सोडवत होतो. कधी भुयार, कधी पहारेकरी फितूर. एकदा तर शेणाच्या गाडीतून काढला. मग मुलाने ऑनलाइन जुनी प्रत मागवून दिली. दोर होता हो. साधा दोर. तोही खिडकीला आधीच बांधलेला. आमच्या प्रेसमध्ये सोळा पानांचा असा घोळ झाला असता तर चौकशी लागली असती.

गोदाकाठची
काका 😂 शेणाची गाडी बेस्ट

बाग_पिंपळगाव
मी वाचत नाही ऐकतो. ट्रॅक्टरवर कानात घालून. सध्या द्राक्षांची छाटणी चालू, पेस्ट लावायला माणसं मिळेना. शिवकाळावरची एक मालिका आहे तिचे ६ भाग ऐकले, ७ वा येईना. वाचणारा बदलणार म्हणतात. त्याच आवाजात पाहिजे राव नाहीतर महाराज परके वाटतात.

माई_सिडको
@बाग_पिंपळगाव दादा पाऊस आहे का तिकडे? आमच्याकडे आभाळ भरून आलंय, वाळवण घातलंय वरती

बाग_पिंपळगाव
नाही माई. येऊ पण नये. आत्ता आला तर डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग).

पंचवटी_एक्सप्रेस
माझी लटकंती इंग्रजी आहे, चालेल ना. रोजची मुंबई वारी, गाडीत वाचायचो. बर्नार्ड कॉर्नवेलचा शार्प, म्हणजे इंग्रज फौजेतला शिपाई, मालिकेचा नायक. पहिलं पुस्तक १९८१ चं, नेपोलियनच्या लढायांचं. वॉटर्लूपर्यंत आला तेव्हा वाटलं संपलं. तर हा गृहस्थ मागे गेला! १९९७ पासून नायकाच्या तरुणपणीचे भाग, आणि ते कुठे तर हिंदुस्थानात. आधी श्रीरंगपट्टण, मग असई, मग गाविलगड.

असई म्हणजे आपल्या जालन्याकडचं. १८०३, शिंद्यांच्या फौजेविरुद्ध इंग्रजांचा वेलस्ली. आता माझी पंचाईत बघा. पंधरा वर्षं ज्या माणसाला सांभाळलं, ज्याच्या जखमा माझ्या पाठ, तो तलवार घेऊन आपल्याच तोफांवर चालून येतोय. इगतपुरीला गाडी थांबली तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो. समोरचे काका म्हणाले, काय झालं? काय सांगणार. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत हे लेखकाने मान्य केलंय तेवढंच समाधान. बायकोला सांगितलं तर म्हणाली, मग वाचता कशाला? पुढचा भाग आला की लगेच घेतो, हे तिला सांगितलेलं नाही.

म्हणून माझं मत, मालिका लांबली तरी चालेल पण मधे भाग घुसडू नयेत. आपल्याला माहीत असतं हा मरणार नाही, वॉटर्लूला दिसलाय ना! मग बंदुकीची गोळी कानाजवळून गेली तरी आपण वडा खात बसतो.

सावाना_सभासद
माझ्या आजोबांपासून सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी आहे. १८४० चं वाचनालय, त्यामुळे आमच्या तीन पिढ्या म्हणजे त्याला काहीच नाहीत. आजोबा कादंबरीकार नाथमाधवांचे भक्त. स्वराज्याची ती सगळी मालिका, श्रीगणेशापासून दुफळीपर्यंत. नाथमाधव शिकारीला गेले असताना कड्यावरून पडले, कमरेखालचं अंग गेलं, आणि पुढचं बहुतेक लेखन पडल्या पडल्या केलं. १९२८ ला वारले. आजोबा तेव्हा शाळेत. ते सांगायचे की बातमी कळली तेव्हा पहिला विचार आला, आता पुढचं कोण लिहिणार? दुसरा विचार आला की आपण किती नीच. मग वि. वा. हडपांनी पेशवाईवर मालिका लिहिली ती घरात आली, पण आजोबा शेवटपर्यंत तिला 'दुसऱ्याची' म्हणायचे. वाचली मात्र सगळी.

आणि हे वाट बघणं आत्ताचं नाही. हरिभाऊ आपट्यांचा 'उषःकाल' सुद्धा 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानेच आला. त्यांच्या 'कर्मयोग'ची वाट बघणारे तर अजून बघतायत, ती अपुरीच राहिली. (ती ऐतिहासिक नाही, माहितीये, लगेच कोणी येऊ नका.)

रामसेजचा_पहारा
आलोच 😄 पण दुसऱ्या कारणासाठी.

@गोदाकाठची तुमची आजी अगदीच हवेत नव्हती. पानिपताच्या वेळी ते देऊळ बांधणारे सरदार नारोशंकर दिल्लीच्या बंदोबस्ताला होते, सदाशिवरावभाऊंनी त्यांना तिथे ठेवलं होतं. म्हणजे तिकडून जीव वाचवून आलेला एखादा पोरगा नारोशंकराच्या आसऱ्याने नाशकात टेकला, हे अजिबात अशक्य नाही. घंटा वसईच्या विजयातली म्हणतात, म्हणजे १७३९ ची लूट, आणि देऊळ १७४७ चं. पोरगं १७६१ नंतर आलं तर घंटा वाजतच होती. आजी काळाच्या हिशेबात पास. बाईंनाच सांगायला हवं होतं.

गोदाकाठची
वाचून अंगावर काटा आला खरंच. हे भाऊंना कळलं असतं तर…

रामसेजचा_पहारा
माझी तक्रार वेगळी. आमच्या रामसेजवर कोणी मालिका लिहीतच नाही. दिंडोरी रोडने अर्धा पाऊण तास, टेकडीएवढा किल्ला. १६८२ ला औरंगजेबाची फौज आली आणि पाचेक वर्षं बसून राहिली. वर तोफा नव्हत्या तर लाकडाच्या केल्या, कातडं मढवून. भुतं बांधायला मांत्रिक सोन्याचा नाग घेऊन पुढे चालला आणि गोफणीचा दगड छातीत बसला ही गोष्ट तर आमच्या गावात पोरंसोरं सांगतात. आणि किल्लेदाराच्या नावावरून आजही वाद! कादंबरीकाराला आणखी काय पाहिजे? नाव मोकळं आहे, घाला ना माणूस त्यात. दर वेळी मोठ्या मालिकेत एक परिच्छेद येतो, 'इकडे रामसेज झुंजत होता'. आणि लेखक लगेच रायगडावर पळतो.

प्रेसवाला_रिटायर
रामसेजला पायथ्याशी पिठलं भाकरी मिळते का अजून

रामसेजचा_पहारा
काका सांगून ठेवलं की मिळते. रविवारी या.

गंगापूर_रोड_वाली
फोनवरून लिहितेय, कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्यात. मला मालिकांमधल्या बायकांबद्दल बोलायचंय. ती विहिरीवरची मुलगी दुसऱ्या भागात दोन प्रकरणं आहे. मग? लेखक विसरला. तुमच्या आजीने आठवण करून दिली म्हणून 'सूचना ध्यानात ठेवतो'. म्हणजे ध्यानात नव्हती!!

आणि खऱ्या बायकांचंही तेच. पेशवाईवरच्या कादंबऱ्या माधवराव गेले की रडतात, नारायणरावाचा खून झाला की संपतात. गोपिकाबाई? नवरा गेला, तिन्ही मुलगे गेले, त्यानंतर ती बाई कुठे होती? इथेच होती. आमच्या गंगापूरला. १७८८ ला नाशकातच वारली. आणि जवळच आनंदवल्ली, राघोबा-आनंदीबाईंची. एका रस्त्यावर दोघींच्या खुणा! मी रोज स्कूटीवरून तिथून भाजी आणते आणि मनात भाग लिहीत असते, की गोपिकाबाई सकाळी नदीवर निघाली आणि वाटेत कोण भेटलं

शिटी झाली आले

माई_सिडको
कोण भेटलं??

माई_सिडको
अगं ये ना

सावाना_सभासद
माई, पुढील भाग लवकरच.

जुनी_पुस्तकं_घेतो
वाचनालयाच्या प्रतीवर पेन्सिलीने लिहिणाऱ्यांचा एक वेगळा धागा काढा. माझ्याकडे ह्याच मालिकेचा दुसरा भाग रद्दीतून आलाय. पान ३० वर समासात: 'हा फितूर आहे, पान ३१२ बघा.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात: 'गप बस.' त्याखाली तिसऱ्या, बहुधा बाईच्या अक्षरात: 'मलाही वाटलेच होते.' मी ३१२ बघितलं. फितूर नव्हता! कोणीतरी मुद्दाम थाप मारून ठेवलीये आणि वर्षानुवर्षं लोक त्या बिचाऱ्या कारकुनाकडे संशयाने बघत वाचतायत.

भाग तीन कोणाकडे जास्तीचा असेल तर कळवा. पूर्ण फर्म्यांचा 😛

आठवीची_आई
आमच्याकडे उलट आहे. लेकीची जी मालिका चालू आहे तिचा लेखक हयात, तब्येत उत्तम, फक्त लिहीत नाही. लेक त्याला दर महिन्याला मेल करते. मी म्हटलं अगं त्रास नको देऊ, तर म्हणाली, आई मी फक्त विचारते जेवलात का. उत्तर आलं एकदा. 'जेवलो. भाग चार अर्धा झालाय.' तिने प्रिंट काढून कपाटावर लावलंय. चार महिने झाले, परवा परत मेल केला, 'अजून अर्धाच का?'

पंचवटी_एक्सप्रेस
हिला नोकरीला लावा प्रकाशकाकडे

आणि लेखक गेल्यावरचं काय करायचं ह्यावर कोणी बोललं नाही. पॅट्रिक ओब्रायन म्हणून होते, जहाजांवरच्या मालिकेचे वीस भाग लिहून २००० साली गेले. एकविसावा जेवढा लिहिला होता तेवढाच छापला २००४ ला. कोणाकडून पुरा करून घेतला नाही. एका बाजूला छापील मजकूर, समोर त्यांच्या हस्ताक्षरातली पानं, आणि मधेच थांबतं. मला तेच पटलं. ओळ तुटली तिथे तुटली.

सावाना_सभासद
मला नाही पटत. माझे आजोबा 'दुसऱ्याची' म्हणत का होईना, वाचून मोकळे झाले. अर्धवट ताटावरून उठवू नये माणसाला.

बाग_पिंपळगाव
सहमत. फक्त आवाज तोच पाहिजे

प्रेसवाला_रिटायर
ताट म्हणालात म्हणून. शनिवारी मिसळ?

माई_सिडको
काका तुम्ही कुठल्याही धाग्यावर मिसळच काढता. मागे गुडघेदुखीच्या धाग्यावर पण.

जुनी_पुस्तकं_घेतो
@गोदाकाठची एक सांगायचं राहिलं. भाग पाच माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी एका गठ्ठ्यात आला. आत पहिल्या पानावर निळ्या शाईत नाव खोडलंय, पण 'तांबट लेन, नाशिक' वाचता येतं. तुमच्या लेनमध्ये मालिका वाचणारे आणखी कोणी होते का?

गोदाकाठची
निळी शाई? नाव खोडलंय ते एका रेघेने की गिरवून?

जुनी_पुस्तकं_घेतो
एक रेघ. पट्टीने मारल्यासारखी सरळ.

गोदाकाठची
भाऊच. ते चूकसुद्धा पट्टीने खोडायचे.

म्हणजे त्यांनी तो घरात ठेवलाच नाही. रद्दीत दिला. भाऊंनी आयुष्यात एक कागद रद्दीत दिला नव्हता हो, विजेची बिलं पण ट्रंकेत आहेत १९७४ पासूनची.

गंगापूर_रोड_वाली
आले. वरण उतू गेलं. हे काय चाललंय!! त्यात काय आहे सांगा ना, मुलगी आहे का परत?

जुनी_पुस्तकं_घेतो
मुलगी आहे. पोराचं जे होतं ते सांगू का ताई? की नको?

माई_सिडको
सांगू नको!

बाग_पिंपळगाव
सांगा

गोदाकाठची
थांबा. इथे नका लिहू. शनिवारी शालिमारला येते, पुस्तक घेऊन या, काय असतील ते पैसे देते. प्रेसवाले काका, मिसळ तुमच्याकडून. पोस्टकार्डाचा फोटो रात्री टाकते, आत्ता नळाला पाणी आलंय.