विज्ञान मंडळात लघुग्रहाचा सिनेमा: ‘आर्मागेडन’ की ‘डीप इम्पॅक्ट’?

कृष्णाकाठ (कराड):
नववी-दहावीसाठी जुलैत सिनेमा ठेवतोय, ढगांमुळं तेव्हा दुर्बीण काढण्यात अर्थ नसतो. 1998 च्या या दोघांपैकी एकच बसेल. कुठला लावू, कुठं थांबवून काय सांगू? जोडीला एखादा स्वस्तातला प्रयोगही हवाय.

यवतेश्वर (सातारा):
‘डीप इम्पॅक्ट’. तो दोन तासांत संपतो, दुसरा अडीच तास चालतो. धूमकेतू 11 किमीचा, म्हणजे डायनासोरांच्या वेळी मेक्सिकोत पडला साधारण त्याच मापाचा. बॉम्बनं त्याचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही पृथ्वीकडंच येत राहतात, तिथं थांबवा. (डायनासोर निघालेच तर महाबळेश्वरचा कातळ विसरू नका. दख्खनचा लाव्हाही 6.6 कोटी वर्षांच्या आसपासचाच, आणि दोष कुणाचा किती यावर अजून वाद आहे.)

‘आर्मागेडन’मधला लघुग्रह टेक्सासएवढा. लघुग्रहांत सर्वांत मोठा सेरेस, 940 किमीचा, तो 1801 मध्येच सापडला. त्याहून मोठं धूड 18 दिवस आधी कळतं म्हणे! तरी शेवटचा स्फोट तेवढा दाखवा, फळ्यावरच्या गणितासाठी: त्यात लघुग्रह दुभंगतो आणि दोन्ही अर्धुकं पृथ्वीच्या दोन बाजूंनी निघून जातात. व्यास 1000 किमी, घनता पाण्याच्या 3 पट: वस्तुमान 1.6 × 10²¹ किलो. आदळायला 4 तास उरलेत असं धरा. प्रत्येक अर्धुक 6900 किमी (पृथ्वीची त्रिज्या अधिक लघुग्रहाची) बाजूला जायला हवं, म्हणजे सेकंदाला 480 मीटर. ½mv² काढा. आजवरचा सर्वांत मोठा बॉम्ब 1961 चा, 50 मेगाटनांचा, 2.1 × 10¹⁷ ज्यूल. असे 80 कोटींहून जास्त लागतात, आणि गुरुत्वाकर्षण अजून धरलेलंच नाही. मुलं 480 चा वर्ग करायला विसरतात, तेवढं बघा.

मिरज_भौतिक:
गणित झालं की लगेच डार्ट घ्या, म्हणजे लघुग्रहाला यानानं धडक देऊन ढकलून बघायची नासाची मोहीम. आपल्या वेळेनं 27 सप्टेंबर 2022 ला पहाटे पावणेपाचच्या सुमारास 570 किलोंचं यान सेकंदाला 6 किमी वेगानं डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळलं. तो 160 मीटरचा, मोठ्या लघुग्रहाभोवती 11 तास 55 मिनिटांत फिरायचा. आता 33 मिनिटं कमी लागतात. वेगात फरक पडला सेकंदाला 2.7 मिमी, मुंगीसुद्धा याहून जोरात चालते. त्यातही नुसत्या धडकेचा वाटा थोडा. उडालेला मलबा मागं फेकला गेला, त्यानं धक्का साडेतीन पटींच्या वर गेला.

सिनेमावाले दगड फोडायला निघतात, खरं काम लवकर ढकलण्याचं. सेकंदाला 2 सेंमीचा फरक 10 वर्षं आधी पाडला तर 6300 किमी सरकतो, जवळजवळ पृथ्वीची त्रिज्या.

प्रयोग: परातीत 6 सेंमी कोरडी, चाळलेली वाळू, वर रांगोळीचा पातळ थर. गोटी 50 सेंमी, 1 मीटर, 2 मीटरवरून सोडा, खड्ड्याचा व्यास मोजा. दर वेळी वाळू हलवून सपाट करा, दाबू नका. दाबलेल्या वाळूत खड्डा लहान येतो आणि आलेख बिघडतो. परात उथळ असली तर गोटी तळाला लागते, मग मापं फुकट. सांगलीत हळद ढीगभर मिळते म्हणून ती पसरू नका, फरशीचे डाग निघत नाहीत.

कृष्णाकाठ:
गोटी तिरकी मारली तर खड्डा लांबट येतो. लोणार मग गोल कसं?

मिरज_भौतिक:
गोटीचा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर, अशनीचा पंधरा-वीस किलोमीटर. त्या वेगाला दगड घासत जात नाही, जागच्या जागी स्फोट होतो, आणि स्फोटाचा खड्डा गोलच पडतो. अगदी जमिनीलगत आला तरच लांबट. लोणारचा 1.8 किमीचा खड्डा आपल्याकडच्यासारख्याच बेसॉल्टमध्ये (लाव्हाच्या काळ्या कातळात) आहे, फोटो लावा.

यवतेश्वर:
एक राहिलं. ‘आपल्यावर पडला तर?’ हे मुलं विचारणारच. रशियातलं चेल्याबिन्स्क, 15 फेब्रुवारी 2013: 20 मीटरचा दगड 30 किमी उंचीवर फुटला. जखमी हजारावर, बहुतेक काचांनी. लखलखाट झाल्यावर लोक बघायला खिडकीशी गेले आणि दोनेक मिनिटांनी हवेचा दणका आला. आकाशात डोळे दिपवणारा उजेड दिसला तर खिडकीपासून लांब, भिंतीआड, दणका येऊन जाईपर्यंत.