जड नॉबने दुसरा गिअर बरा होत नाही

तिसरं गेट, टिळकवाडी:
काल इथे एक पोस्ट पडली. लिहिणाऱ्याचा दुसरा गिअर सकाळी अडत होता. त्याने गिअरच्या दांड्यावरची मूळची प्लास्टिकची नॉब (मूठ) काढून अर्ध्या किलोची पितळी बसवली. आता म्हणे गिअर लोण्यासारखा पडतो आणि गिअरबॉक्सचं आयुष्यही वाढणार. खाली 'कुठे मिळेल?' विचारणाऱ्यांची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहितो.

वजनाने हाताला फरक पडतो, हे खरं. गिअर टाकताना दांड्याला सगळीकडे सारखा जोर लागत नाही. आधी डिटेंटची, म्हणजे गिअर जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंगवरची गोळी खाचेतून उठते, मग सिंक्रोची रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासून दोघांचे फेरे जुळवते, तोवर गिअर जोडणारी सरकती स्लीव्ह अडून राहते, आणि शेवटी दात बसतात. हलक्या नॉबमधून यातला प्रत्येक अडथळा बोटांना कळतो. जड नॉब एकदा हलली की आपल्याच वेगाने ते पार करते. काम तेवढंच होतं, हाताला मात्र सपाट वाटतं. कंपन्यांना हे माहीत आहे. दांडा केबलने जोडलेल्या कित्येक गिअरबॉक्सवर सिलेक्टरच्या, म्हणजे केबल ज्याला ओढते त्या भागाच्या, टोकाला वजन असतंच. होंडाने २०२० च्या सिव्हिक टाइप आरच्या नॉबमध्ये ९० ग्रॅमचं वजन घातलं. ९० ग्रॅम, अर्धा किलो नव्हे.

पण सकाळी दुसरा अडतो, याचं कारण नॉबमध्ये नसतं. थंडीने ऑइल घट्ट झालेलं असतं, नाहीतर रिंग झिजलेली असते, नाहीतर क्लच पूर्ण सुटत नसतो. जड नॉब बसवली की ती तक्रार हाताला ऐकू येत नाही, झीज चालूच राहते.

आणि घाटाचं बघा. दुसऱ्यात दांडा मागे असतो. ब्रेक दाबला की नॉबचं वजन पुढे झुकतं, म्हणजे न्यूट्रलकडे. डिटेंटची स्प्रिंग मऊ झाली असेल आणि त्यात खड्डा आला तर गिअर सुटू शकतो. कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाट उतरताना इंजिनचा ब्रेक, म्हणजे गिअरमुळे गाडीला मिळणारी रोख, जाणं म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको.

खानापूर रोड:
पोस्ट माझीच आहे. ऑइल बदललो, फरक नाही. गॅरेजवाला म्हणाला, बॉक्स उतरवायला लागणार, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी परत आलो. नॉब बसवलो, दुसऱ्या दिवशी गिअर पडायला लागला. गाडी मी चालवतो वो, तुम्ही नाही. तुमचं सिंक्रो-डिटेंट राहू द्या, माझ्या हाताला कळतंय की.

उद्यमबाग लेथ:
आकडे मी सांगतो. ५० मिलिमीटर व्यासाचा भरीव गोळा पितळेत सुमारे ५५५ ग्रॅम, स्टेनलेसमध्ये सव्वापाचशेच्या आसपास, ॲल्युमिनियममध्ये पावणेदोनशे. आट्यांचं भोक मारलं की थोडा कमी. जोराचा ब्रेक म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा धरा, अर्ध्या किलोच्या नॉबला पाव किलोचा रेटा. निरोगी डिटेंट एवढ्याने सुटत नाही. घाटाची भीती घालू नका.

मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. ही नॉब ऑनलाइन मागवलेली आहे. ज्या बेळगावात पंपाचे, व्हॉल्व्हचे, हायड्रॉलिकचे पार्ट शतांश मिलिमीटरला धरून होतात, त्या गावातली पोरं एक पितळी गोळा बाहेरून मागवतात!

तिसरं गेट, टिळकवाडी:
'निरोगी डिटेंट' म्हणालात, माझं भांडण तिथेच आहे. ज्याचा बॉक्स निरोगी आहे त्याने खुशाल बसवावी. बसवतोय तो ज्याचा गिअर आधीच अडतोय.

निपाणीकर:
लेथवाले, तुमच्याच भागात मी नॉब करायला गेलो होतो. पहिल्या शेडमध्ये मान वर न करता सांगितलं, 'शंभर पीस असतील तर या.' दुसऱ्याने आठवडाभर फिरवलं. मग ऑनलाइन नाही तर काय करायचं? गिऱ्हाईकाला दोष देऊ नका.

उद्यमबाग लेथ:
मोठ्या ऑर्डरचं सेटिंग मोडून एक पीस करायचा म्हणजे निम्मा दिवस जातो. लाइट गेली की तोही वाया. आयटीआय झालेली पोरं शिकून तयार झाली की पुण्याला जातात, मशीनवर उभं राहायला माणूस नाही. तुम्हाला गोळा दिसतो, त्यामागचा माणूस दिसत नाही.

निपाणीकर:
पोरं पुण्याला का जातात, तेही सांगा. माझा भाऊ गेला. इथे त्याला तीन वर्षं हेल्परच्या पगारावर ठेवला, काम ऑपरेटरचं करून घेतला. माणूस टिकवायचा तर पगार द्या.

उद्यमबाग लेथ:
सगळ्या शेडना एका मापाने मोजू नका. माझ्याकडे दोघं पहिल्या दिवसापासून आहेत. पण पगाराचं तुम्ही बोललात ते काही ठिकाणी खरं आहे, नाही म्हणत नाही.

हिंडलग्याची अक्का:
तुमचं पगाराचं नंतर भांडा. माझा खांदा धरलेला, फिजिओथेरपी चालू. जड नॉब लावल्यापासून पोरांना शाळेत सोडून येताना हात दुखत नाही. तिसऱ्या गेटवाल्यांना हा पुरावा चालत नसेल तर नसू दे, खांदा माझा आहे.

तिसरं गेट, टिळकवाडी:
अक्का, खांद्यावर मी वाद घालणार नाही. पण नवी नॉब जुनीपेक्षा उंच आहे का, बघा. दांडा लांब झाला की जोर कमी लागतो, हाताला अंतर मात्र जास्त कापावं लागतं. लोक उंचीचं श्रेय वजनाला देतात.

हिंडलग्याची अक्का:
उंच आहे, बोटभर. तरी वजनाचाही फरक आहे, मी सोडणार नाही.

तिसरं गेट, टिळकवाडी:
असेल. खानापूर रोड, तुम्ही एवढंच करा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सहज पडले आणि चालू केल्यावर अडले, तर क्लच सुटत नाही. बॉक्स उतरवायच्या आधी ते बघून घ्या, गॅरेजवाल्याचा आकडा कमी होऊ शकतो.

खानापूर रोड:
बघितलो. जुनी नॉब लावून बघितलो, म्हणजे परत तेच ऐकायला नको. बंद असताना पडतात, चालू केल्यावर दुसरा आणि रिव्हर्स अडतात. क्लच दाखवतो. पितळी नॉब काढणार नाही, ते सांगून ठेवतो.

तिसरं गेट, टिळकवाडी:
क्लच होईपर्यंत तरी घाटात काढा.

खानापूर रोड:
तेवढं करतो.

निपाणीकर:
लेथवाले, मला ॲल्युमिनियमची ४५ मिलिमीटरची एक पाहिजे. एकच. करणार काय?

उद्यमबाग लेथ:
रविवारी या, मशीन मोकळं असतं. जुनी नॉब काढून सोबत आणा. आटे एम १० आहेत की एम १२, ते बघितल्याशिवाय टॅप मारत नाही. आणि रिव्हर्सला नॉबखालची रिंग वर उचलायला लागत असेल तर तीही आणा. ती न बघता नॉब केली तर रिव्हर्स पडणार नाही आणि तुम्ही परत माझ्या शेडलाच शिव्या द्याल.