रविवारी लॅबमध्ये जायचं ते पेशींसाठी, की पद्धत पडली म्हणून?

पेशीवाली_कल्याण :
मी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे. कॅन्सरच्या पेशींवर काम करते. लॅब परळच्या बाजूला, घर कल्याणला. गेल्या रविवारी मेगाब्लॉक होता, तरी दोन तास प्रवास करून गेले आणि तीन फ्लास्कमधलं मिडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदललं. काम चाळीस मिनिटांचं. परतायला पुन्हा दोन तास. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते, तिच्या डोळ्यांत थेंब घालायला शेजारच्या काकू येऊन बसल्या.

पेशींना रविवार कळत नाही, हे मला मान्य आहे. हेला पेशी (कॅन्सरच्या, जगभरच्या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या) साधारण २४ तासांत दुप्पट होतात. फ्लास्क भरला आणि वेळेवर स्प्लिट केला नाही, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कांत वाटून लावल्या नाहीत, तर महिन्याचं काम जातं. म्हणजे कोणीतरी जायलाच हवं. पण त्या दिवशी आमच्याच लॅबचे आणखी तिघं आले होते, आपापल्या फ्लास्कसाठी. एक तर पनवेलहून. चौघांच्या पाळ्या लावल्या, तर प्रत्येकाला महिन्यातले तीन रविवार घरी मिळतील. गाइडना विचारलं, तर म्हणाले, "ज्याच्या पेशी त्याने सांभाळाव्यात." प्रयोगाला लागेल तेवढा वेळ मी देते, रात्री अकराचा मायक्रोस्कोपचा स्लॉटही घेते. नियोजन नाही म्हणून जाणारा वेळ मात्र विज्ञानाच्या खात्यावर मांडू नये.

जुना_प्रयोगवाला, चेंबूर :
मला हे पटलं नाही. तीस वर्षं लॅबमध्ये काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. एका हाताने चौघांचे फ्लास्क उघडले, की एकातल्या पेशी दुसऱ्यात जातात. जगभरच्या कितीतरी लॅबमध्ये लोक वर्षानुवर्षं भलत्याच पेशी समजून हेलावर काम करत राहिले, ते अशाच हलगर्जीपणामुळे. माझ्या एका विद्यार्थ्याचे आठ महिने असेच गेले. सुट्टीवरून आला, तेव्हा मधल्या काळात फ्लास्क कोणी हाताळला हे सांगायलाही कोणी नव्हतं.

आणि जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी आठवा. १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत बाई म्हणून प्रवेश नाकारला, मग वर्षभर पारखून घेण्याची अट घालून दिला. त्यांनी ती अट पत्करून काम केलं, केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईत नीरेवर संशोधन केलं. ही निष्ठा घड्याळ बघून येत नाही.

दोन_पाळ्यांची_आई :
कमलाबाईंचं नाव इथे असं वापरू नका, सर. ती अट अन्यायाची होती. त्यांनी ती सोसली, म्हणून ती योग्य ठरत नाही. त्या अटीमुळे किती जणी दारातूनच परत फिरल्या असतील, त्यांची नोंद कोणाकडे आहे?

मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला असताना मला मुलगी झाली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांत २४० दिवसांची बाळंतपणाची रजा होती, ती मिळाली. प्रबंधाला स्त्रियांना दोन वर्षं जास्तही मिळतात. पण फेलोशिप पाचच वर्षांची, त्यामुळे वाढीव वर्षांत पैसे कुठून आणायचे हा प्रश्न उरतोच. पाळणाघराचंही तसंच. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे ते हवं, असं कायदा सांगतो. मी विचारायला गेले, तर कार्यालयातून उत्तर मिळालं, "तुम्ही कर्मचारी नाही, विद्यार्थिनी आहात." रविवारी बोलवताना मात्र हे कोणालाच आठवलं नाही! मला पाळीपेक्षा हा प्रश्न मोठा वाटतो.

समीकरणवाला :
मी थिअरी करतो, पेशी नाहीत की फ्लास्क नाहीत. तरीही पाळ्या आणि तास ठरवण्याच्या मी विरोधात आहे. गेल्या वर्षी सहा आठवडे काहीच सुचलं नाही आणि मग चार रात्रींत सगळं झालं. तास लिहून द्यायची सक्ती झाली, तर ते सहा आठवडे मी आळशी ठरलो असतो.

तुर्भे_क्यूसी :
पीएच.डी. अर्धवट सोडून औषध कंपनीत लागलो. तिथे रविवारच्या पाळीला बदली सुट्टी मिळते. जेआरएफ, म्हणजे संशोधकांची मासिक फेलोशिप, १ जानेवारी २०२३ पासून ३१,००० ची ३७,००० झाली, चांगलं झालं. पण माझ्या वेळी ती चार-चार महिने थकायची आणि घरमालक थांबत नसे. मी सोडलं ते त्यामुळे. रात्री जागण्याचा मला कधी त्रास वाटला नाही.

पेशीवाली_कल्याण :
समीकरणवाला, मी तास मोजा म्हणत नाही. तुम्हाला चार रात्री जागता आलं, कारण त्या तुम्ही निवडल्या होत्या.

सर, भेसळीची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय आपण रोजच करतो. हूडमध्ये (फ्लास्क उघडायच्या निर्जंतुक कपाटात) एका वेळी एकच सेल लाइन, म्हणजे एकाच प्रकारच्या पेशी, प्रत्येकीची मिडियमची बाटली वेगळी, मधे अल्कोहोलने पुसून घ्यायचं. स्वतःच्या दोन लाइन सांभाळतानाही हेच करावं लागतं. तुमच्या विद्यार्थ्याचे आठ महिने गेले, ते नोंद नव्हती म्हणून. पाळी लावली की वहीत सही येते. आज आमचं चौघांचं इनक्युबेटर (पेशी वाढवायची उबदार पेटी) एकच आहे, आणि ते रविवारी कोणी कधी उघडलं हे कुठेच लिहिलेलं नाही.

जुना_प्रयोगवाला, चेंबूर :
वहीचा मुद्दा मान्य. पण स्प्लिट करणं दुसऱ्याच्या हाती देऊ नका, फक्त मिडियम बदलणं द्या. आणि प्रत्येक लाइनच्या दोन-तीन कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्याशिवाय सुरुवात करू नका. कमलाबाईंबद्दल लिहिलेलं मला अजूनही चूक वाटत नाही, त्यावर वेगळं बोलू.

पेशीवाली_कल्याण :
स्प्लिट शुक्रवारी उरकून घ्यायचं, म्हणजे रविवारी नुसतं मिडियम उरेल. माझ्या पेशींच्या कुप्या गोठवलेल्या आहेत, पनवेलवाल्याच्या नाहीत. त्याला आज सांगते. शुक्रवारच्या लॅब मीटिंगमध्ये वही घेऊनच जाते.