साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर रात्री दगडावर टाकी मारल्यासारखा आवाज कुणी ऐकलाय का?

करंजेकर:
माझी आजी किल्ल्याजवळच्या करंजे गावची. उन्हाळ्यात अंगणात झोपलो की किल्ल्याकडं बोट करून म्हणायची, "मंगळाईच्या बुरुजाखाली जाळ दिसला तर बघत बसू नको, सुरुंगवाले असत्यात." मी ते विसरूनही गेलो होतो. गेल्या आठवड्यात मंगळाईच्या देवळातून उतरायला उशीर झाला, अंधार पडला. खालच्या झुडपांतून दगडावर टाकी मारल्यासारखा आवाज आला. टक्, टक्, टक्, मग भराभर, आणि एकदम बंद. पाय गळाले. दुसऱ्या कुणाला अनुभव आहे का?

माची पेठ:
दरवाजापाशी घोड्यांच्या टापा येतात असं आमच्याकडं सांगतात. मी तरी कधी ऐकल्या नाहीत.

रोजचा गडकरी:
दादा, ऐकलाय. एकोणीस वर्षं पहाटे पावणेपाचला चढतोय. पहिल्यांदा मीही मारुतीचं नाव घेत माघारी फिरलो होतो. पुढं एकदा बॅटरी मारली तर वाटेवर दोन लाल डोळे चमकले आणि पंखांचा आवाजसुद्धा न करता उडाले. रातवा. जमिनीवर बसणारा पक्षी आहे, चैत्र-वैशाखात जास्त बोलतो. फरशीवर गोटी टाकल्यावर ती उड्या मारत थांबते ना, अगदी तसा. उन्हाळ्यातला जाळ बहुतेक वणव्याचा.

पण आजीचं बोलणं सोडून देऊ नका. औरंगजेबाची छावणी करंज्यालाच होती. डिसेंबर 1699 पासून वेढा. मोगलांनी खडक फोडून सुरुंग भरले, 13 एप्रिल 1700 ला उडवले. पहिल्यात आपली माणसं गेली. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले, ते जिवंत निघाले. दुसऱ्या सुरुंगानं तटबंदी उलटी मोगलांवरच कोसळली, सुमारे दोन हजार माणूस गेला असं सांगतात. मोगलांचा इतिहासकार खाफीखान लिहितो की प्रेतं काढता येईनात, तेव्हा मोगलांकडच्याच हिंदू प्याद्यांनी आपल्या भावाबंदांना अग्नी मिळावा म्हणून वेढ्यासाठी उभारलेल्या मोर्च्याच्या लाकडांना आग लावली. ती आठवडाभर जळत होती, आणि हलता न येणारे जखमीही त्यात गेले. 21 एप्रिलला किल्ला द्यावा लागला.

तुमच्या आजींनी खाफीखान वाचला असेल का? तरी जाळ आणि सुरुंग त्यांना ठाऊक होते. मला त्या पक्ष्यापेक्षा याचाच काटा येतो. मंगळाईच्या बाजूला गेलो की मी चप्पल काढतो.

माची पेठ:
आगीचं माहीत नव्हतं. आजींनी आणखी काही सांगितलं होतं का?

करंजेकर:
सांगितलं नाही, पण करायची. उन्हाळाभर निजायच्या आधी ओट्याच्या कडेला पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, किल्ल्याच्या बाजूला. एकदा मी विचारलं, आपल्या मावळ्यांसाठी का? तर म्हणाली, "जळलेल्या माणसाला तहान लागती रं, आपला असू दे न्हाईतर त्यांचा."