रंगाआधी पांढरा उजेड बघा

ताई, हॉलच्या कोपऱ्यात ठेवायला 'एक कोटी साठ लाख रंग' लिहिलेला, मोबाईलच्या ॲपवर चालणारा स्मार्ट दिवा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. तो आकडा सोडून द्या. लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी 256 पायऱ्या, म्हणजे 256 गुणिले 256 गुणिले 256, एवढाच त्याचा हिशेब. पोरं आठवडाभर जांभळा-हिरवा करतात, मग रोज पांढराच लागतो.

आणि पांढऱ्यातच गोम आहे. नुसता आरजीबी दिवा लाल, हिरवा, निळा मिसळून पांढरा करतो, तो बहुधा फिका निळसर पडतो. आमच्याकडे भिंतीवर औरंगाबादची हिमरू शाल फ्रेम करून लावलीय. पहिल्या दिव्यात तिचा मरून रंग शेणासारखा दिसायला लागला. आई म्हणाली, "शाल विटली का रे?" त्यामुळे खोक्यावर 2700 ते 6500 केल्विन (म्हणजे पिवळसर ते निळसर पांढरा उजेड) लिहिलंय का, ते बघा, अशात पांढरे एलईडी बहुधा वेगळे असतात.

दुसरं, आपल्या परभणीकडची लाईट. बरेच स्मार्ट दिवे बटण तीन-चारदा चालू-बंद केलं की रीसेट होतात. वळवाच्या वाऱ्यात लाईटीनं तशीच उघडझाप केली आणि आमचा दिवा सगळं विसरून लुकलुकत बसला. रात्री एकला लाईट आली तर हे महाराज भक्क पांढरे पेटतात, ते वेगळंच! लाईट आल्यावर आधीच्याच स्थितीत राहायची सेटिंग ॲपमध्ये असेल, तोच घ्या.

वायफाय बहुतेकांना 2.4 गिगाहर्ट्झचंच लागतं, राउटरचं 5 गिगाहर्ट्झवालं चालत नाही. सोबत साधा रिमोट मिळाला तर सोन्याहून पिवळं, आईला ॲप जमत नाही.