काळ्या मातीत रेन गार्डन चालेल का?

पार्किंगकाठ: पुण्यात सोसायटीच्या 200 चौ.मी. पेव्हर ब्लॉकवरचं पाणी गटारात जातं, आणि गटार तुंबलं की तळघरात. कंपाउंडलगत 15 चौ.मी. जागा मोकळी आहे. वर दोन फूट काळी माती, खाली मुरूम. तिथे रेन गार्डन, म्हणजे पावसाचं पाणी साचवून जमिनीत जिरवणारी खोलगट बाग, किती खोल करावं?

मुरूमप्रेमी: तळघराची भिंत कुठवर आहे ते आधी बघा. तिच्यापासून किमान 3 मीटर लांब राहा, नाहीतर पाणी मागच्या दाराने तिथेच येईल.

मग पाझर मोजा. मुरमापर्यंत खड्डा घ्या, पाणी भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला किती उतरतं ते पाहा. पहिल्यांदा भरलेल्या पाण्याचा आकडा धरू नका, कोरडी माती फसवते. तासाला 12 मिमीपेक्षा कमी उतरलं तर तळाशी भोकं पाडलेला 4 इंची पीव्हीसी पाइप हवाच.

हिशोब: 25 मिमी पाऊस म्हणजे 5000 लिटर, त्यातले साधारण 4500 बागेत येतील. वर 20 सेंमी पाणी साचायला मोकळी जागा आणि खाली 45 सेंमी वाळू-माती-कंपोस्टचं मिश्रण धरलं तर 15 चौ.मी. जेमतेम पुरते. त्याहून मोठ्या सरीसाठी ओव्हरफ्लो (जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट) ठेवा. त्याचं तोंड पेव्हरच्या पातळीखालीच हवं.

पार्किंगकाठ: निघालेली काळी मातीच परत भरली तर? खर्च वाचेल.

मुरूमप्रेमी: नको. ती ओली झाली की फुगते आणि पाझर बंद. तीन भाग धुतलेली वाळू, एक भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेलं कंपोस्ट. क्रश सँड (दगड चुरून केलेली वाळू) न धुता टाकली तर तिची भुकटीच थर बुजवते. खाली 10 सेंमी बारीक खडी, तिच्याखाली 25 सेंमी जाड खडी, पाइप त्यातच. मध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड) अंथरू नका, गाळाने तेच आधी चोंदतं.

वाळा_निर्गुडी: झाडं निवडताना पावसाळ्यापेक्षा एप्रिल-मे आठवा. मध्यभागी वाळा, कडेला निर्गुडी, अडुळसा. कर्दळ छान दिसते, पण उन्हाळ्यात पाणी मागते. पाणी आत येतं तिथे हाताएवढे दगड रचा, गाळ तिथेच अडतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला तो उपसा. लाकडाचा भुसा पसरू नका, तरंगून ओव्हरफ्लोच्या जाळीत बसतो. साचलेलं पाणी 48 तासांत उतरलं तर डासांच्या अळ्यांना वेळच मिळत नाही.

आणि पार्किंगचं हे तेलकट पाणी बोअरवेलमध्ये सोडायचा मोह टाळा. बोअरवेलसाठी गच्चीचं पाणी वेगळं ठेवा.